मावळ्यांचा डाव आणि घराचे वेळापत्रक

दिवाळी जवळ आली की अंगणाच्या कोपऱ्यात विटा, दगड आणि जुनी पोती जमू लागतात. माती कालवली जाते, पोती त्या राडीत बुडवून ढिगावर पसरली जातात, वर अळीव किंवा मोहरी पेरली जाते. चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा दिसू लागतो आणि बाजारातून आणलेले मावळे बुरुजांवर चढतात. तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला उभा असतो. येणारे-जाणारे पाहतात, कौतुक करतात. मग माती परसात जाते आणि मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर.

एवढा किल्ला बांधला, एवढे सैन्य उभे केले, तरी त्या मावळ्यांना लढायला मात्र मिळत नाही. मोजपट्टी, फासे आणि एक पान भरेल एवढे नियम हाताशी असले, तर हेच मावळे चाल करू शकतात, तटावर चढू शकतात, माघारही घेऊ शकतात. इंग्रजीत या छंदाला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात. आपण त्याला पटावरची लढाई म्हणू. खेळ शिकायला एक संध्याकाळ पुरते. शाळा, शेती, दुकान, स्वयंपाक आणि पै-पाहुणे सांभाळून तो घरात टिकवायचा, तर थोडी आखणी लागते. सांगोल्यासारख्या गावात, घरात असलेल्या सामानातून हे कसे जमते, ते क्रमाने पाहू.

हा खेळ आला कुठून

पटावर सैन्य मांडण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. बुद्धिबळाचा पूर्वज असलेल्या चतुरंगात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगेच होती. पण बुद्धिबळाचा पट सपाट असतो आणि घरे ठरलेली असतात. तिथे टेकडी नाही, ओढा नाही, तटबंदी नाही.

ती उणीव युरोपात भरून निघाली. १८१२ साली प्रशियात राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याला एक मोठे टेबल भेट दिले. त्याच्या कप्प्यांत डोंगर, नद्या आणि गावे दाखवणारे तुकडे होते. ते हवे तसे जुळवायचे आणि त्यावर सैन्याच्या सोंगट्या हलवायच्या. राजवाड्यात राजाचे कुटुंब हा खेळ खेळत असे. पुढे १८२४ साली राइसविट्झच्या मुलाने त्याचे सविस्तर नियम केले आणि प्रशियाच्या सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. त्या खेळात एक पंच असे आणि त्याचा शब्द अखेरचा मानला जाई. हा पंच आपल्यालाही पुढे उपयोगी पडणार आहे.

घरगुती खेळाला खरे रूप दिले ते लेखक एच. जी. वेल्स यांनी. मुलांबरोबर जमिनीवर बसून खेळायच्या खेळांवर त्यांनी १९११ साली ‘फ्लोअर गेम्स’ हे पुस्तक लिहिले आणि १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे लढाईच्या नियमांचे पुस्तक. पायदळ एका चालीत एक फूट आणि घोडदळ दोन फूट जाणार, इतके सोपे त्यांचे माप होते. चाली लांबत जातात हे पाहून त्यांनी प्रत्येक चालीला वेळेची मर्यादा घातली. त्याच पुस्तकाच्या शेवटी, खऱ्या युद्धापेक्षा हे खेळण्यातले युद्ध किती बरे, असे त्यांनी कळकळीने लिहिले आहे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छंद वाढला. १९८३ साली इंग्लंडमध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला, १९८७ साली त्याचे भविष्यकाळातले भावंड ‘वॉरहॅमर ४०,०००’ आले. आज जगभर मंडळी असे सैनिक जोडतात, रंगवतात आणि एकत्र जमून खेळतात. बाहेरून आणलेल्या सैनिकांचा एक डबा मात्र काही हजार रुपयांना पडतो. सुरुवातीला त्याची काहीच गरज नाही.

लढाई कोणती निवडावी

पहिला डाव आपल्या गावचा असावा. सांगोल्याला भुईकोट आहे, आणि त्या कोटाला मराठ्यांच्या इतिहासात मोठे स्थान आहे. १५ डिसेंबर १७४९ रोजी छत्रपती शाहू महाराज वारले. त्यांच्यामागे रामराजे गादीवर आले. प्रतिनिधींचे मुतालिक, म्हणजे त्यांच्या वतीने कारभार पाहणारे, यमाजी शिवदेव यांनी सांगोल्यात राहून पेशव्यांना विरोध केला. तो मोडण्यासाठी पेशव्यांच्या बाजूने सदाशिवरावभाऊ रामराजांना बरोबर घेऊन सांगोल्यावर चालून आले. यमाजींना नमावे लागले आणि सप्टेंबर १७५० मध्ये इथेच तो प्रसिद्ध सांगोल्याचा करार झाला. त्यानंतर मराठी राज्याच्या कारभाराचे केंद्र साताऱ्याहून पुण्याकडे सरकले.

या प्रसंगात चांगल्या डावाला लागणारे सारे आहे: आत थोडी माणसे, बाहेर जास्त, एक तट, एक दरवाजा आणि मर्यादित वेळ. दोन्ही सैन्ये सारखी नसली तरी डाव समतोल करता येतो, कारण जिंकण्याची अट वेगळी ठेवता येते. बाहेरच्यांनी सहा फेऱ्यांत तीन मावळे दरवाजाच्या आत न्यायचे. आतल्यांनी सहा फेऱ्या कोट राखायचा. खऱ्या इतिहासात काय घडले ते मुलांना आधी सांगावे. वेगळे काय घडू शकले असते, ते डावात दिसेल.

पट, तट आणि मापे

पटाला चार फूट बाय चार फूट जागा पुरते. घरात दोन फुटांच्या फरश्या असतील तर चार फरश्यांचा चौक हाच पट. मोजायलाही सोपे जाते. त्याहून सोयीचे म्हणजे त्याच मापाचा प्लायचा तुकडा. तो पलंगाखाली सरकतो, आणि अर्धा राहिलेला डाव त्यावर तसाच ठेवता येतो.

मापाचा हिशेब एकदा समजून घ्यावा, म्हणजे तट बुटका आणि मावळा राक्षस असे होत नाही. या छंदातले सैनिक बहुधा २८ मिलिमीटरचे असतात. म्हणजे प्रमाण साधारण १:६०. सहा मीटर उंचीचा तट या प्रमाणात १० सेंटिमीटरचा होतो. आपल्या दिवाळीतला मावळा १० सेंटिमीटरचा असेल, तर प्रमाण १:१६ च्या आसपास जाते आणि तोच तट ३६-३७ सेंटिमीटरचा करावा लागतो. अंगणातल्या किल्ल्याला हे शोभते, घरातल्या पटाला नाही. म्हणून घरासाठी छोटे सैनिक बरे: जाड कागदावर काढून, रंगवून, कापून, खाली दुमडलेली पट्टी चिकटवून उभे केलेले. तीन सेंटिमीटर उंचीचे तीस सैनिक दोन दुपारींत तयार होतात, आणि त्यात घरातल्या प्रत्येकाला काम मिळते.

तटासाठी सांगोल्यात हाताशी असलेली वस्तू म्हणजे डाळिंबाचे खोके. पन्हळीचा पुठ्ठा मजबूत असतो. त्याचा वरचा कागद थोडा ओला करून सोलला की आतली पन्हळ दिसते. ती आडवी लावली तर कौलारू छपरासारखी दिसते, उभी लावली तर लाकडी फळ्यांच्या दरवाजासारखी. बुरुजासाठी आगपेट्या किंवा कागदी नळकांडी घ्यावीत. वर गोंद लावून चाळलेली बारीक वाळू भुरभुरवली की दगडी पोत येतो. थर्माकोल टाळावा. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि पुठ्ठा त्याच्याइतकेच काम करतो.

किल्ला अंगणात मातीचाच करायचा असेल तर नुसती काळी माती घेऊ नये. वाळताना ती आकसते आणि तटाला भेगा पडतात. मुरमाड माती आणि थोडा भुसा मिसळला तर तट टिकतो.

नियम: एका पानात

सामान एवढेच: मोजपट्टी, सहा-सात फासे, एक घड्याळ. बाहेरचे सैन्य वीस, त्यांत चार घोडेस्वार. आतले सैन्य दहा. बाहेरचे दरवाजापासून ६० सेंटिमीटरवर उभे राहतात.

चाल: एका फेरीत पायदळ १५ सेंटिमीटर, घोडदळ ३० सेंटिमीटर जाते. खंदक किंवा ओढा ओलांडताना निम्मेच.

मारा: ३० सेंटिमीटरच्या आतल्या शत्रूवर मारा करता येतो. पण त्या फेरीत जो चालला, त्याला मारा नाही. या एका नियमात डावाचे सगळे मर्म आहे. दर फेरीला प्रत्येकाला ठरवावे लागते, पुढे जायचे की थांबून मारा करायचा.

नेम: मारा करणाऱ्या प्रत्येक सैनिकामागे एक फासा. शत्रू उघड्यावर असेल तर ४, ५ किंवा ६ पडल्यावर तो बाद. तटाआड असेल तर फक्त ५ किंवा ६ वर बाद.

हातघाई: दोन सैनिक भिडले की दोघांनी एकेक फासा टाकायचा. मोठा आकडा जिंकतो. बरोबरी झाली तर जागा राखणारा टिकतो.

धीर: एखाद्या बाजूचे निम्मे सैन्य पडले की त्या बाजूने दर फेरीच्या सुरुवातीला दोन फासे टाकायचे. बेरीज ७ किंवा जास्त आली तर सैन्य उभे राहते. कमी आली तर त्या फेरीत ते फक्त मागे सरकू शकते.

आता हे आकडे असेच का, ते पाहू. फाशाला सहा बाजू. उघड्यावरच्या शत्रूसाठी तीन बाजू उपयोगी, म्हणजे निम्मी शक्यता. तटाआडच्यासाठी दोन बाजू, म्हणजे एक तृतीयांश. आतून सहा जणांनी मारा केला तर सरासरी तीन बाहेरचे पडतील. आतले तितकेच तीन पाडायला बाहेर नऊ जण लागतील. तट म्हणजे दीडपट सैन्य, हे सातवीतल्या मुलाला फाशांवरून पटते. धीराच्या फाशांचेही असेच आहे. दोन फाशांचे ३६ जोड होतात आणि त्यांतल्या २१ जोडांत बेरीज ७ किंवा जास्त येते. खचलेले सैन्य बारांतून सरासरी सात वेळा टिकेल. शंका असेल तर मुलांना शंभर वेळा फासे टाकून वहीत लिहायला सांगावे. संभाव्यता शिकवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

एक डाव चालतो कसा

पहिल्या फेरीत बाहेरचे पायदळ १५ सेंटिमीटर पुढे येते. आतल्यांचा मारा अजून पोचत नाही. दुसऱ्या फेरीत ते ३० सेंटिमीटरवर येते आणि आतले दहाही जण फासे टाकू शकतात. सरासरीने पाच मावळे पडतील. उरलेले पंधरा आता काय करणार? थांबून मारा केला तर पंधरा फाशांत सरासरी पाच आतले पडतील. पण दोन फेऱ्या आधीच गेल्या आहेत, आणि थांबले तर दरवाजा तिथेच राहतो. अनुभवी खेळाडू इथे सैन्य वाटतो. निम्मे थांबून तटावर मारा करतात, निम्मे पुढे सरकतात. चार घोडेस्वार दूरच्या बुरुजाकडे वळवून आतल्यांचे लक्ष फोडता येते. आतल्यांपुढेही पेच असतो. सगळे दरवाजावर जमवले तर बाजू उघडी पडते.

एका फेरीला दहा मिनिटे धरली तर सहा फेऱ्यांचा डाव तासाभरात संपतो. मांडामांडीला वीस मिनिटे, आवरायला दहा. एकूण दीड तास. हा दीड तास घरात बसवता आला तर छंद टिकतो.

घरात बसवायचा दीड तास

छंदावरून घरात होणारे बहुतेक वाद खेळावरून होत नाहीत. न सांगता गेलेली संध्याकाळ, न आवरलेला पसारा आणि न विचारता झालेला खर्च, या तीन गोष्टींवरून ते होतात. म्हणून तिन्हींची सोय आधी करावी.

वेळ: डावाचा दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहावा, सगळ्यांना दिसेल असा. त्याआधी घरातली कामे लिहावीत. सांगोल्यात डाळिंबाच्या बागेचा बहार वर्षाची घडी ठरवतो. मृग बहार, हस्त बहार किंवा आंबे बहार, ज्याने जो धरला असेल त्याप्रमाणे छाटणी, फवारणी आणि तोडणीचे आठवडे ठरलेले असतात. त्या आठवड्यांत डाव नको. परीक्षेचा महिना आणि घरातले कार्य यांनाही हाच न्याय. उरलेल्या दिवसांत महिन्यातून दोन डाव पुष्कळ झाले. घड्याळ पटाशेजारी ठेवावे. ठरलेली वेळ झाली की चालू फेरी पूर्ण करायची आणि उठायचे. डाव राहिला तर मोबाइलवर वरून एक फोटो काढावा आणि प्लाय पलंगाखाली सरकवावा. पुढच्या वेळी मोहरा कुठे होता यावर वाद होत नाही.

पैसा: महिन्याची एक रक्कम घरात बोलून ठरवावी आणि वेगळ्या डब्यात टाकावी. डब्यात नसेल तर खरेदी नाही. सैन्य कागदाचे आणि तट खोक्याचा असेल तर हा डबा फासे आणि रंगांपुरताच रिकामा होतो.

माणसे: घरात प्रत्येकाला खेळायचेच असते असे नाही, आणि न खेळणाऱ्याला ओढूही नये. पण भाग देता येतो. आजोबांना पंच करावे. राइसविट्झच्या खेळातल्यासारखा त्यांचा शब्द अखेरचा. गुडघे दुखत असले तरी खुर्चीत बसून पंचाचे काम होते. सैनिक रंगवायला ज्याचा हात बारीक आहे तो बसेल. किल्ल्याची गोष्ट सांगायला आजी आहेच. मुलींना फक्त रंगवायला बसवू नये, सेनापतीपद पाळीपाळीने सगळ्यांकडे जावे. नवरा-बायकोंपैकी एकच जण खेळत असेल, तर जितका वेळ एकाला छंदासाठी मिळतो तितकाच दुसऱ्याला त्याच्या आवडीसाठी मिळाला पाहिजे. हे बोलून ठरवावे, गृहीत धरू नये.

मंडळी जमवताना

घरातला डाव रुळला की मित्रमंडळी जमवावीशी वाटतात. इथे आपल्याकडच्या भिशीचा नमुना उत्तम आहे. दर महिन्याला एक घर, पाळी आधीच ठरलेली, वेळ ठरलेली. एकाच घरावर ओझे पडत नाही आणि कुणी यजमानपद टाळत नाही.

यजमानाने फक्त जागा द्यायची. पट एकाने आणायचा, सैन्य दुसऱ्याने, खाऊ तिसऱ्याने. चहा-पोह्यांचा भार त्या घरच्या बाईवर टाकून पुरुषांनी फासे खेळत बसणे, हा या छंदाचा सर्वांत मोठा दोष ठरेल. चहा खेळणाऱ्यांनी करावा, कपबशा खेळणाऱ्यांनी विसळाव्यात. खेळणारे कुटुंबासह आले तर लहान मुलांसाठी वेगळा कोपरा आणि सोपा डाव ठेवावा: पाच मावळे, एक टेकडी, तीन फेऱ्या. जेवणाच्या वेळेआधी सगळे उठलेले असावेत.

नवा माणूस आला की पहिल्या डावात त्याला नियम पाठ करायला लावू नये. त्याला जुन्या खेळाडूशेजारी बसवावे, फासे त्याच्या हातात द्यावेत. दुसऱ्या फेरीपर्यंत त्याला चाल कळते, तिसऱ्या फेरीत तो स्वतः बोलू लागतो.

थोडी काळजी

तीन वर्षांखालचे मूल घरात असेल तर फासे आणि छोटे सैनिक उंच फळीवर ठेवावेत, ते तोंडात जाऊन घशात अडकू शकतात. शिशाचे जुने सैनिक मुलांच्या हाती देऊ नयेत, शिसे विषारी असते. कागदासाठी पाण्यात मिसळणारे रंग पुरतात. फवाऱ्याचा रंग वापरायचाच असेल तर गच्चीवर किंवा अंगणात वापरावा. पुठ्ठा कापायचे काम मोठ्यांनी करावे, पाते नेहमी शरीरापासून दूर चालवावे.

आणि डाव संपल्यावर दोन मिनिटे बोलावे. खऱ्या वेढ्यात आत बायका-मुले असत, धान्य संपत असे, विहिरीचे पाणी आटत असे. सांगोले एके काळी भरभराटीमुळे सोन्याचे सांगोले म्हणून ओळखले जाई, आणि १८०२ साली होळकरांच्या पठाणांनी ते लुटले. पटावर बाद झालेला मावळा पुढच्या डावात पुन्हा उभा राहतो. गावाचे तसे होत नाही. मुलांना हे समजले पाहिजे.

यंदाच्या दिवाळीत किल्ला बांधाल तेव्हा भाऊबीजेच्या दुपारचा दीड तास राखून ठेवा. त्या दिवशी भावंडे एकत्र असतात आणि शाळेला सुटी असते. एक मोजपट्टी, थोडे फासे आणि वरच्या नियमांचा एक कागद किल्ल्याशेजारी ठेवा. अंगणातले मावळे मोठे असतात, म्हणून तिथे चालीची आणि माऱ्याची मापे दुप्पट धरा. आजोबांना पंच करा आणि पहिला फासा घरातल्या सर्वांत लहान खेळाडूच्या हाती द्या.